ट्रॉलीचं वेगळं बटण

भाईदास आबांच्या छोट्या ट्रकला मागून ट्रॉली जोडली की फ्यूज उडायचा. ट्रॉलीचे दिवे ट्रकच्याच दिव्यांच्या तारेवर लावलेले होते. एका तारेवर एवढा भार पडला की दोन्हींकडे अंधार व्हायचा. रावेरचा मिस्तरी म्हणाला, "वेगळी तार ओढू, वेगळं बटण देऊ. गुरुवारी या."

गुरुवारला पाच दिवस होते आणि केळीची तोड दुसऱ्याच दिवशी होती. आबांनी आजवर मोटारपंपापासून मिक्सरपर्यंत सगळं घरीच उघडलं होतं. त्यातलं बरंचसं पुन्हा बंदही झालं होतं. तोडीच्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रक अंगणात घेतला आणि स्टेअरिंगखाली डोकं घातलं.

त्यांची सून भूमिका चहा घेऊन आली. तिचं माहेर दीपनगरचं, वडील तिथल्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिने वाकून तारांकडे बघितलं.

"आबा, मी बघू का जरा?"

"तुले काय समजतं त्यातलं? हात काळे होतीन. दोनच तारा तर आहेत."

आबांनी टेस्टर एकेका तारेला लावला. एका तारेवर टेस्टरची लाल टिकली पेटली. वीज सापडली म्हणून त्यांनी तीच तार सोलली, तिथून नव्या बटणाला जोड दिला आणि बटणापासून मागे ट्रॉलीच्या सॉकेटपर्यंत तार ओढली. ट्रॉली तेव्हा मळ्यात भरत होती. म्हणून आबांनी बायकोला, सुमनबाईंना, बघायला बोलावलं, स्वतः सॉकेटमध्ये टेस्टर धरला आणि भूमिकाला बटण दाबायला लावलं. टिकली पेटली. सुमनबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि आत गेल्या. ट्रॉली लावूनही एकदा बघा, असं भूमिका म्हणणार होती, पण आबांचा चेहरा इतका खुलला होता की ती चहाचे कप उचलून आत गेली.

संध्याकाळी ट्रॉली जोडून आबा निघाले. रावेरला पॅकिंगच्या शेडवर आठ वाजता कंटेनर सुटणार होता. आबांचा मुलगा नवीन तिथेच थांबला होता. भूमिकाला बाजारातून औषधं आणायची होती, म्हणून तीही शेजारी बसली. मोठ्या रस्त्याला लागताना अंधारून आलं. आबांनी ऐटीत नवं बटण दाबलं.

ट्रक ओरडायला लागला. "भोंऽऽऽ."

आबांनी हॉर्नवर हात मारला. आवाज वाढला आणि आरशात दिसणारे ट्रॉलीचे मिणमिणते दिवे विझले. हात काढला तर दिवे आले आणि भोंगा चालूच. बटण बंद केलं तेव्हा शांतता झाली, पण मागे काळोख. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला ट्रॉलीवर आदळता आदळता वाचला आणि शिव्या देत पुढे गेला. दिव्यांशिवाय चालणार नव्हतं. आबांनी बटण पुन्हा दाबलं आणि बैलगाडीच्या चालीने, अखंड भोंगा वाजवत ट्रक पुढे नेला.

समोरच्या गाड्या पटापट बाजूला झाल्या. एक ट्रॅक्टर तर थेट कपाशीत उतरला. चहाच्या टपरीवर सुकदेव नावाचा ओळखीचा माणूस बसला होता. त्याने हा आवाज ऐकला आणि लगेच नवीनला फोन लावला, "तुझ्या बापाच्या गाडीचे ब्रेक गेले." दुसरा फोन त्याने पुढच्या गावात केला.

पुढच्या गावाने ते मनावर घेतलं. पोरंबाळं घरात कोंडली, म्हशी सोडून नेल्या, रस्त्यात वाळूची पोती टाकली. नाक्यावरचा हवालदार शिट्टी घेऊन उभा राहिला. अशा तयारीत आबांचा ट्रक आला आणि पोत्यांच्या चार हात अलीकडे हळूच थांबला. जमलेल्या लोकांची जरा निराशाच झाली.

"आधी हॉर्न बंद करा," हवालदार ओरडला.

आबांनी बटण बंद केलं.

"ट्रॉलीला लाईट नाही?"

"आहे की." आबांनी बटण दाबलं. "भोंऽऽऽ."

"हॉर्न बंद करा म्हटलं ना."

"मग लाईट जाते साहेब. दोन्हीतलं कोणतं पाह्यजे ते तुम्हीच सांगा."

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. नियमात दोन्ही होतं. भूमिका खाली उतरली. पदर खोचत ती म्हणाली, "साहेब, दहा मिनिटं द्या. आबा, तुम्ही ट्रॉलीची वीज हॉर्नच्या तारेतून घेतली. ट्रॉलीचे दिवे लागले की त्यांची सगळी वीज हॉर्नमधून येते, म्हणून तो वाजतो. सकाळच्या टेस्टरला वीज नावालाच लागते."

"हे तुले कसं माहीत?"

"आयटीआय केलंय ना मी. वायरमनचं."

"आयटीआय माहीत होतं," आबा हळूच म्हणाले. "मले वाटलं शिवणकाम."

तिने सीटखालची आबांची सामानाची पिशवी ओढली, मोबाइलचा टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि स्टेअरिंगखाली शिरली. चुकीचा जोड सोडवून टेप गुंडाळली. फ्यूजच्या डब्यात एक जागा रिकामी होती, तिथून नवी तार काढून बटणाला दिली आणि तिच्यासाठी वेगळा फ्यूज बसवला. तिचे हात कुठे अडखळत नव्हते. केळीचा घड कोयत्याच्या एका घावात उतरवणारे हात आबांनी पाहिले होते, हे त्यातलेच होते.

एवढ्यात नवीन मोटारसायकलवरून धापा टाकत आला. "बाबा, ब्रेक?"

"ब्रेक बरे आहेत. हा टॉर्च धर, नीट धर. मले तिचं काम पाहू दे."

भूमिकाने बटण दाबलं. ट्रॉलीचे चारही दिवे लख्ख लागले आणि ट्रक गप्प राहिला. हवालदाराने पोती बाजूला करायला सांगितलं. मग घसा साफ करून तो भूमिकाला म्हणाला, "ताई, माझ्या मोटारसायकलचा इंडिकेटर महिनाभर लागत नाहीये. दोन मिनिटं बघता का?"

कंटेनर सुटायला तोवर पाऊण तास उरला होता. आबा घड्याळाकडे बघत म्हणाले, "उद्या घरी या साहेब. मिस्तरी सकाळी घरीच असते."

ट्रक निघाला. गाव मागे पडल्यावर आबांनी स्टेअरिंगवरचा एक हात काढून नव्या बटणाकडे बोट केलं.

"पोरी, ते हॉर्नचं पुन्हा सांग बरं. जरा हळू सांग, मले पहिल्यापासून समजून घ्यायचंय."