हुजुरांच्या चुरगळल्या कोटाचे प्रकरण

श्रीगजाननास दंडवत घालून आणि शारदेपाशी न सुकणारी शाई मागून लिहिणार लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध नवमी, बृहस्पतवार, ते दिवशी एका राज्यात कोटाचे प्रकरण उद्भवले. राज्याचे नाव पुसो नये, आम्ही सांगणार नाही. मुलूख म्हणाल तर काचेच्या इमारतीचा नववा मजला, रयत सत्तेचाळीस असामी, आणि उद्योग जाहिराती रचण्याचा, म्हणजे परक्याच्या साबणास, तेलास आणि पापडास ऐसे गोड शब्द जोडावे की ज्याचे घरी पापडांचा डबा भरला आहे त्यानेही पिशवी घेऊन धावत सुटावे. या राज्यात पोशाखाचा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, आणि लिहिलेला नव्हता म्हणोनच तो फार कडक पाळीत. कायदा ऐसा की ज्याचे डोकियात कल्पना त्याचे अंगावर चुरगळलेले वस्त्र. इस्त्री करावी ती दारावरल्या पहारेकऱ्याने, पाहुण्या व्यापाऱ्याने आणि विमा विकावयास येणाऱ्याने. नवखियाने थोडके चुरगळावे, मातबराने अधिक चुरगळावे, आणि खासे हुजूर शार्दूलराव, जे या राज्याचे धनी, त्यांचा लिननचा सदरा म्हणजे गाईने तोंडात धरून, चघळून, नको म्हणून टाकिला ऐसा दिसे. तो पाहून तमाम दरबार म्हणे, वाहवा, काय बेफिकिरी! आणि घरी जाऊन आपापली वस्त्रे उशाखाली घालून निजे. लिहिणारास कोणी पुसले नाही, पुसते तर सांगतो की आपण याहून पायपुसणी बरी पाहिली आहेत.

या राज्यात कांचन नावाची मुलगी शब्द लिहिण्याचे कामावर दोन वर्षांमागे रुजू जाहली. लेखणी तिखट, बुद्धी चपळ, आणि बाप सोपानराव, ज्यांस ती आबा म्हणे, ते चाळीस वर्षे एका गल्लीचे तोंडाशी टेबल मांडून कोळशाची इस्त्री फिरवीत. गल्लीत तीन विजेच्या इस्त्रिया आल्या आणि गेल्या, आबांचा कोळसा विझला नाही. लेकीच्या पहिल्या दिवशी आबांनी कुडत्यास ऐसी कडक घडी पाडिली की बाहीच्या धारेवर लिंबू कापावे. मग कांचन त्या थाटात नवव्या मजल्यास पोहोचली, आणि दारावरचे कारकून तिजकडे पाहून बोलिले, "मॅडम, विमा नको आहे. परवाच घेतला." ती म्हणाली, "मी इथं नोकरीला आलेय." तेव्हा ते आणखीच दुःखी जाहले आणि आत जाऊन सांगते जाहले की हिशेबखात्याची कोणी आली आहे. तो दिवस तिने कोपऱ्यात काढिला, कोणी कल्पना पुसली नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिला कायदा कळून चुकला.

आता पेच ऐसा की घरी आबांस सांगावे कैसे? रोज सकाळी तिने टेबलापुढे उभे राहावे, आबांनी गरम कुडते तिचे हाती द्यावे, तिने घालून यावे, आणि अवघ्या गल्लीने पाहावे, हा आबांचा दिवसाचा पहिला आनंद होता. मग तिने हिकमत काढिली. एक कुडते पाण्यात बुडवून, पिळून, दोरीने आवळून पिशवीत ठेवावे, दरबारी पोहोचताच बायकांच्या मोरीत शिरून ते अंगात चढवावे, आणि इस्त्रीचे घडी न मोडता खुंटीस टांगावे. संध्याकाळी पुन्हा इस्त्रीचे घालून घरी यावे. दोन वर्षे हा गनिमी कावा निभावला. परंतु त्यातून भलतेच निपजले. रोज संध्याकाळी लेक परत येई ती जैशी गेली तैशी, बाहीची धार जागेवर, पाठीस सुरकुती नाही, हे पाहून आबांची छाती वीतभर फुगली आणि ते गल्लीस सांगू लागले, "बघा, सकाळी नऊला मारलेली इस्त्री, सात वाजले तरी मोडलेली नाही. हात लागतो त्याला, हात!" गिऱ्हाइके मान डोलवीत आणि कांचन मान खाली घालून घरात शिरे. खोटे तिने एक शब्दही बोलिले नव्हते, तरी रोज ताट अर्धे टाकून उठे.

ऐसे चालता माघ मासी एका लोणचेवाल्या शेठजींची मोठी मोहीम राज्याकडे चालून आली. कांचनने लोणच्यावर अशी मसलत रचिली की वाचताच हुजुरांच्या तोंडास पाणी सुटले, आणि त्यांनी भर दरबारात फर्माविले की शेठजींपुढे हीच उभी राहील आणि हीच बोलेल. दोन वर्षांत हा मान प्रथमच. आणि मग मर्जी इतकी खूष जाहली की हुजुरांनी खुंटीवरचा आपला खासा कोट काढून तिचे हाती दिला. कोट परमुलखातून आणविलेला, पांढऱ्या लिननचा, तेथील कारागिराने एकेक चुणी बोटाने पाडून ऐसा चुरगळलेला की तैसा दुसरा पृथ्वीवर नाही. हुजूर बोलिले, "उद्या चार वाजता हा घालून या. सांभाळा हं. याची एक सुरकुती हलली तर माझ्याशी गाठ आहे." तमाम असामींच्या डोळ्यांत मत्सर उभा राहिला. कांचनने कोट दोन्ही हातांवर, निजलेले मूल न्यावे तैसा घरी नेला आणि कपाटाच्या दारास टांगिला.

नवमीस सकाळी ती स्नानास गेली आणि इकडे आबांची नजर कोटावर पडिली. त्यांस प्रथम वाईट वाटले, की कोणा गरिबाचा हा कोट, काय दशा जाहली आहे. मग आतल्या शिवणीवरची परदेशी चिठी पाहिली, आणि अर्थ लागला तो ऐसा की, एवढ्या मोठ्या साहेबाचा कोट लेक घरी आणते ते कशास? इस्त्रीस! दोन वर्षे आपले काम दरबारी झळकते आहे, शेवटी साहेबाने आपणहून पाठविला. मग काय पुसता! आबांनी कोळसे फुलविले, खळीचे पाणी शिंपडिले, गल्ली गोळा केली, आणि लढाईवर निघावे तैसी इस्त्री उचलिली. परमुलखाच्या कारागिराने महिनाभर खपून पाडिलेल्या चुण्या आबांनी पाव तासात कापून काढिल्या. कांचन ओल्या केसांनी बाहेर आली तो कोट टेबलावर कोणी न धरता उभा होता. बाह्या ताठ, पाठ काचेसारखी.

"काय म्हणतेस?" आबा बोलिले. "साहेबांना सांग, पैसे घेणार नाही. मान दिला त्यांनी."

शेजारच्या शेवंतामावशी म्हणाल्या, "अगं, मघापासून किती खुशीत आहे तुझा बाप!"

कांचनच्या तोंडचे पाणी पळाले. आता खरे सांगावे तर गल्लीदेखत बापाची चाळीस वर्षे पाण्यात, न सांगावे तर चाकरी पाण्यात. तिने कसेबसे म्हटले, "फार सुंदर झालाय, आबा," आणि कोट उचलून कूच केले.

दरबारी ती दाखल जाहली आणि कोट पाहताच हाहाकार उडाला. हुजुरांनी कपाळास हात लाविला, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग मर्जी जी खवळली ती आवरेना. "कोणी केले हे? कोणत्या गाढवाने?" तेव्हा निमिषराव नामे कारभारी, मोठा धूर्त, तिचे कानाशी लागला, "सांग ना, लाँड्रीवाल्यानं चुकून केलं. त्याला इथं बोलावू, चार शब्द सुनावू, तुझ्यावर काही येणार नाही." युक्ती सोपी होती. हुजूरही तिकडेच वळले आणि गरजले, "त्या इस्त्रीवाल्यास आत्ताचे आत्ता हजर करा!"

कांचन म्हणाली, "तो इस्त्रीवाला माझा बाप आहे, सर. आणि चूक त्याची नाही, माझी आहे." आणि मग जे दोन वर्षे लपविले होते ते सारे सांगून टाकिले, पिशवीतले पिळलेले कुडते, मोरीतली खुंटी, सात वाजेतो न मोडणारी घडी, सर्व. परंतु राग एवढ्याने उतरता तर हुजूर कसले? ते बोलिले, "चार वाजेपर्यंत कोट होता तसा झाला पाहिजे. नाही झाला तर मोहीम निमिषकडे, आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका. चला, मी स्वतः येतो." ऐसी खासा स्वारी तिला मोटारीत घालून गल्लीवर चालून गेली.

आबांनी मोटार पाहिली आणि वाटले की साहेब आभार मानावयास आले. हात पुसून पुढे जाहले, आणि तो त्यांची दृष्टी हुजुरांच्या सदऱ्यावर गेली. हुजुरांनी ओरडण्यास तोंड उघडिले होते, परंतु आबांनी त्यांस बोलूच दिले नाही. चाळीस वर्षांची नजर, ती सदऱ्यावरून पोथी वाचावी तैसी फिरली.

"साहेब, ही चुणी मोटारीत बसून पडली, ते ठीक आहे. पण ही पाठीवरची कुशीवर निजल्याची आहे. आणि ही कॉलरची, उशी नाही, हातावर डोकं ठेवून. तुम्ही कपडे न बदलताच झोपता रोज, कोचावर." मग आवाज हळू करून पुसले, "घरी कोणी नाही का हो?"

हुजुरांनी उघडिले तोंड मिटिले आणि कॉलर बोटाने सारखी केली. लिहिणारास पुढे जुन्या लोकांकडून कळले की चार वर्षांमागे हुजूर इस्त्रीचेच घालीत, आणि एकाएकी चुरगळले, आणि त्यांचे पाहून तमाम राज्य चुरगळले. का, हे एकानेही पुसले नव्हते. हुजूर हळूच बोलिले, "आहे. म्हणजे, होती." आबांनी जवळचे स्टूल पुढे सरकविले आणि म्हटले, "बसा."

तेव्हा कांचनने धीर केला. "आबा, तो कोट तसाच हवा होता. चुरगळलेला. मलाही तिथं चुरगळलेलंच लागतं. तुमची इस्त्री मी पोहोचल्याबरोबर काढून ठेवते. दोन वर्षं." आणि पिशवीतले कुडते टेबलावर ठेविले. गल्ली ऐकत होती. शेवंतामावशींनी पदर तोंडास लाविला. आबांनी कुडते उचलिले, उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाले, "म्हणजे मोडत नव्हती ती अंगावर नव्हती म्हणून."

"हो, आबा."

"पिळा उलटा मारलायस," आबा म्हणाले. "कापड फाटेल अशानं. सांगायचंस ना वेडे, सुरकुत्यांशी चाळीस वर्षं भांडतोय मी. त्या कशा पडतात हे मला नाही ठाऊक तर कोणाला?" ऐसे बोलून त्यांनी कोट घेतला, पाणी मारिले, चिमटीने चुण्या धरिल्या, बाह्या दोऱ्याने बांधिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यावर गरम इस्त्री ठेविली, आणि अडीच वाजता सोडिला तो परमुलखाच्या कारागिराने पाय धरावे ऐसा. हुजुरांनी हात फिरविला आणि त्यांस शब्द सुचेना, ज्यांचा धंदाच शब्दांचा. चार वाजता कांचन शेठजींपुढे उभी राहिली आणि ऐसी बोलली की शेठजींनी मसलत जागीच मंजूर केली, आणि जाता जाता म्हणाले, "बेटा, काम झकास. फक्त कोटाला जरा इस्त्री मारून घेत जा."

दुसरे दिवशी सकाळी कांचन टेबलापाशी आली. सर्व गल्ली हजर. आबांनी कुडते तिचे हाती दिले, आणि ते चुरगळलेले होते, कोटासारखेच, प्रत्येक चुणी नीट विचार करून पाडिलेली. आबा दुसरीकडे पाहत म्हणाले, "घे. आता मोरीत लपायला नको." दोन गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिले. कांचनला रडू फुटले. तिने कुडते परत टेबलावर ठेविले आणि म्हटले, "इस्त्री मारा."

"अगं, तुझी नोकरी..."

"जाईल तर जाईल. मारा, आबा. धार पाडा बाहीला."

आबांनी इस्त्री उचलिली. कांचन ते घालून नवव्या मजल्यास गेली, मोरीकडे वळली नाही, थेट आपले जागी बसली आणि दिवसभर तैसीच बसून राहिली. असामी कुजबुजले, निमिषराव हसले. संध्याकाळी हुजूर तिचे मेजापाशी आले, बाहीच्या धारेकडे पाहत राहिले, आणि कोणास ऐकू न जाईल ऐसे पुसते जाहले, "तुमच्या वडिलांचे दुकान रविवारी उघडे असते काय?"

येणेप्रमाणे कोटाचे प्रकरण आटोपले. लोणचे मुलूखभर खपते, कांचनबाई चाकरीत कायम आहेत, निमिषराव अद्याप चुरगळून येतात. आबांच्या इस्त्रीची घडी आता दुपारी बारालाच मोडते, आणि हे ते गल्लीस मोठ्या अभिमानाने सांगतात.