आप्पांचं रीडिंग

आमच्या शेजारचे सर्जेराव आप्पा चहा पिण्याआधी खिशातून डेअरीतला लांबडा थर्मामीटर काढतात आणि कपात बुडवतात. आकडा पासष्टच्या वर असला तर थांबतात, खाली आला की पितात. कपाला हात लावून कळत नाही का, असं मी एकदा विचारलं. "हाताचं काय खरं हाय, सर? रीडिंग पायजे," असं म्हणून त्यांनी माझाही चहा तपासून दिला.

शिवाजी पेठेत आमची भिंतीला भिंत. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. आप्पांनी एका दूध संघात तीस वर्षं दुधाची फॅट तपासली आणि निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. कुणी म्हणालं ताप आलाय, की आप्पा विचारणार, "रीडिंग काय?" कुणी सांगितलं, कालची फुटबॉलची मॅच लई चुरशीची झाली, तरी तेच, "रीडिंग काय?" म्हणजे गोल किती. वहिनी कपाळाला हात लावतात. "मला बघायला आलते तवा ह्येंनी थर्मामीटर कसा आणला न्हाय, त्येचंच नवाल वाटतंय."

या रीडिंगपायी त्यांनी सोसलंही आहे. एका वजनदार संचालकाच्या मेव्हण्याच्या दुधात पाणी निघालं. "आकडा जरा वर घ्या," असा निरोप आला. आप्पांनी निघाला तोच आकडा लिहिला आणि आठवड्याभरात त्यांची बदली शाहूवाडीकडच्या एका केंद्रावर झाली. पाच वर्षं ते तिकडच्या पावसात दूध तपासत राहिले. इकडं त्यांचा विक्रम पहिलीतून सहावीत गेला. आप्पा सुट्टीला आले की पोरगं आईच्या मागं लपायचं.

हा विक्रम पुढं माझा विद्यार्थी झाला, मग इंजिनिअर झाला. एका जुन्या छोट्या गाडीला त्यानं टर्बो बसवला, इंजिनात काय काय बदललं, आणि ती भन्नाट पळायला लागल्यावर स्वतः नोकरीसाठी जर्मनीला गेला. गाडी दारात राहिली. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईशी तासभर गप्पा, मग फोन आप्पांकडं. "जेवलास?" "व्हय." "बरं, आईकडं देतो." बापलेकांचं बोलणं एवढंच. मी कितीदा तरी भिंतीपलीकडून ऐकलंय, आणि दरवेळी मलाच चुटपुट लागायची.

गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून आप्पा अधूनमधून ती फिरवायचे. एकदा जोतिबाच्या घाटात तिनं गचके दिले. आप्पांनी फोनवर सांगितलं, तसा विक्रम म्हणाला, "पेट्रोलचं प्रेशर पडत असणार. आप्पा, रीडिंग घ्या."

झालं! त्या दिवसापासून आप्पांना पुन्हा नोकरी लागली.

प्रकार असा होता. उभ्या गाडीत प्रेशरचा काटा तीनवर शहाण्यासारखा बसायचा. चढाला टर्बो जोर मागतो, तेव्हा तो साडेतीनवर चढायला हवा. आमचा उलटा दोनवर यायचा. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी इंजिन उपाशी. हे दिसणार फक्त चढावर. म्हणून प्रेशर मोजणाऱ्या गेजला लांब नळी जोडून तो समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं लावला. पण चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा, मग काटा कोण वाचणार? "तुमचा आवाज शेवटच्या बाकापतूर जातोय," म्हणत आप्पांनी मला शेजारी बसवलं.

रविवार म्हणजे जोतिबाचा वार. घाटात भाविकांची गर्दी, सगळीकडं 'चांगभलं'चा गजर, आणि त्यातून मी ओरडत चाललोय, "तीन! पावणेतीन! अडीच! दोन!" गुलालानं माखलेल्या एका म्हाताऱ्यानं खिडकीत डोकं घातलं. "पावणं, गुळाचा सौदा चाललाय व्हय? दर उतरायला लागलाय की!"

वर पोचलो की ठरलेल्या चहावाल्याकडं बसायचं, आप्पांनी रकाने आखलेल्या वहीत आकडे भरायचे आणि विक्रमच्या फोनची वाट बघायची. एका रविवारी एकच गोष्ट बदलायची, असा त्याचा नियम. एकदा फिल्टर बदलला, एकदा प्रेशर धरणारा वॉल्व्ह, एकदा पंप. काटा दोनवरच. बापलेक चाळीस-चाळीस मिनिटं बोलायचे. शेवटी माझा घसा बसला आणि वर्गात पोरं हसायला लागली.

म्हणून मी एक आगाऊपणा केला. आप्पा पाहुण्यांकडं दोन दिवस गावाला गेले होते. वहिनींकडून चावी घेऊन मी गाडी उद्यमनगरात इस्माईलभाईंकडं नेली. त्यांनी मागची सीट उचलून टाकी उघडली, पंप वर काढला आणि हसले. पंप नवा बसवला, तरी नळीला जुनीच क्लिप परत लावली होती आणि ती सैल होती. "जोर आला की पेट्रोल हितनं निसटतंय आनि परत टाकीतच पडतंय. भायेर एक थेंब न्हाय. कळणार कुणाला?" क्लिप आवळायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

रविवारी घाट लागला. "तीन! सव्वातीन! साडेतीन!" मी आनंदानं किंचाळलो. आप्पांनी गाडी बाजूला घेतली. "परत," एवढंच म्हणाले. आम्ही खाली जाऊन पुन्हा चढलो. साडेतीन. तिसऱ्यांदाही साडेतीन. मग मी फुशारकीनं इस्माईलभाईंची सगळी हकिकत सांगितली.

वर चहा आला, तरी त्यांनी थर्मामीटर काढला नाही. वहीवर हात ठेवून बसले. "सर, चांगलंच केलासा तुमी. पर आता इक्रमला काय सांगू? गाडी झाली म्हटल्यावर त्यो मला काय इचारणार?"

इतके रविवार मी काचेवरचा काटा वाचला होता आणि शेजारी बसलेला माणूस वाचलाच नव्हता. माझीच मला लाज वाटली.

फोन वाजला. आप्पांनी तो दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आप्पा, रीडिंग काय?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग लांब, देवळाच्या शिखराकडं पाहिलं.

"दोन," ते म्हणाले. "दोनावरच येतोय."

"सर, तुम्हीच वाचलं ना?"

सातवीत याच पोराला खरं बोलण्यावर मी निबंध लिहायला लावला होता. "हो," मी म्हणालो. "दोन."

"मग आता पंपाच्या वायरचं व्होल्टेज बघू, आप्पा. चढावरच बघावं लागंल. येळ लागणार जरा." पोराच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही जाणवलं नाही.

"लागू दे की," आप्पा म्हणाले.

"आणि आप्पा, गुडघा कसा हाय?"

हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. आप्पा गुडघ्याबद्दल बोलले, मग तिकडच्या थंडीबद्दल त्यांनी विचारलं, मग तिकडच्या दुधाला फॅट किती लागते तेही.

फोन ठेवल्यावर त्यांनी वही ओढली. तारीख लिहिली, जागा लिहिली, वेळ लिहिली. रीडिंगच्या रकान्यापाशी पेन थांबला. खोटा आकडा त्यांच्या हातानं तीस वर्षांत कधी लिहिला नव्हता. त्यांनी रकाना कोरा ठेवला, वही मिटली आणि गार झालेला चहा न मोजताच पिऊन टाकला.