दोनशे छप्पन्न इंटरप्ट, स्वहस्ते

संगणक ही जगातली सर्वांत एकाग्र वस्तू आहे. म्हणूनच तिच्या कामात अडथळा आणण्याचे दोनशे छप्पन्न अधिकृत मार्ग ठेवलेले आहेत. त्यांना इंटरप्ट म्हणतात. कुणी कळ दाबली, प्रिंटरचा कागद संपला, की यंत्राने हातचे काम थांबवायचे, आकडे जपून ठेवायचे, आलेल्याचा क्रमांक टिपून त्याला योग्य विभागाकडे धाडायचे आणि मग आकडे उचलून पूर्वीच्या जागी परतायचे. (माणसांना हे अद्याप जमलेले नाही.)

१९८८ साली वसई पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात आमची कंपनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होती. प्रत्येक इंटरप्टला सतरा ओळींचा कोड लागे. सगळा सारखा, फरक क्रमांकाचा. तो हातानेच लिहावा, असा नियम होता. आम्ही सहा जण. प्रत्येकाच्या वाट्याला बेचाळीस आले. उरलेले चार विभागप्रमुख वॉल्टर सरांनी अनुभवामुळे स्वतःकडे घेतले. अकरा महिने लागले.

नंदाखाल गावची डेल्फिन तेव्हा उमेदवारीवर होती, म्हणून आमच्या सहांत धरलेली नव्हती. कायम व्हायला दोन महिने उरले होते.

"सर, सगळं एकसारखंच आहे, तर यंत्रालाच लिहू द्या ना," ती म्हणाली.

"मग आपण काय करायचं?" सरांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता.

संचालकांपुढे प्रात्यक्षिक झाले. यंत्र चार वेळा सुरू झाले आणि पाच वेळा थिजले. (पाचव्यांदा सुरू होण्याआधीच.)

कारण डेल्फिनने शोधले. काही इंटरप्ट सोबत कारणाचा आकडा आणतात, बाकीचे रिकाम्या हाताने येतात. आम्ही सर्वांना समान वागणूक दिली होती. त्यामुळे परतताना हिशेब एका आकड्याने चुकून यंत्र भलतीकडेच जाई. तिने नऊ ओळी लिहिल्या: ज्याला कारण नाही, त्याच्या नावे शून्य ठेव आणि सगळा कोड तूच तयार कर. यंत्राने चहा निवायच्या आत तो केला. पुढचे तीन दिवस ते एकदाही थिजले नाही.

वार्षिक मूल्यमापन ओळींवर होते. आमच्या प्रत्येकी सातशे चौदा, तिच्या नऊ. 'अल्प उत्पादन' असा शेरा मारून तिला कायम करणे नाकारण्यात आले. यंत्राने लिहिलेला कोड छापून आमच्यात वाटला गेला. प्रत्येकाने 'लेखक' म्हणून सही करायची होती.

"गॅब्रिएल, तू तरी सांग ना सरांना," डेल्फिन मला म्हणाली.

"बघतो," मी म्हणालो. पेन माझ्या हातात होते आणि बेचाळीसपैकी एकोणचाळीस सह्या झाल्या होत्या. तिने डबा पिशवीत टाकला आणि ती गेली. उरलेल्या तीन सह्या जरा वाकड्या आल्या. कुणी हरकत घेतली नाही.

या प्रकरणी वाचकांचा आक्षेप असल्यास त्यांनी लेखी कळवावा. नाव घालण्याची सक्ती नाही. तुमच्या कचेरीतही तुम्ही ते कधी घातलेले नाही.