कॉम्प्युटरला अस्तर

यंत्र कुठलंही असो, माझ्या हाताखाली आलं की सुतासारखं सरळ होतं. आपलं कौतुक आपण करू नये म्हणतात, पण मग दुसरं कोण करणार? शिलाई मशीन दुरुस्तीचं माझं दुकान आहे. जोडीला कव्हरं शिवून देते. ज्या मशीनपुढे बाकीच्यांनी हात टेकले ते शेवटी माझ्याच टेबलावर येतं. म्हणून नवा कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशीच मी नवरोबांना बजावलं, की याला काही झालं तर लुडबुड करायची नाही. मी समर्थ आहे.

कॉम्प्युटर साधा नव्हता, खेळायचा होता. पेटीला एका बाजूने काच, आत लाल-निळे दिवे आणि इतके पंखे, की नवरोबांनी विचारलं, हा खेळतो की उडतो? पन्नाशी उलटलेल्या बाईला ही थेरं कशाला, असंही विचारलं. त्यांना मी उत्तर दिलं नाही, पण तुम्हाला सांगते.

लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. आधी रोज फोन यायचा आणि तासभर चालायचा. मग तो आटत गेला. शेवटी शेवटी तर 'जेवलीस का?', 'हो', 'बाकी काय?', 'काही नाही, ठेवू?' एवढ्यावर आला. मी 'ठेव' म्हणायचे, कारण 'नको ठेवू' म्हटलं तर पुढे बोलायचं काय, हा प्रश्न होता. अशात एकदा ती सहज बोलून गेली, की रविवारी दुपारी ऑफिसातले चौघं मिळून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतात, त्यातला एक सोडून गेला आणि चौथं माणूस मिळत नाहीये. मी म्हटलं, मी येते. ती हसली. मी हसले नाही.

खेळ असा, की आपलं एक गोदाम. यंत्रमानव येतात आणि त्यातली खोकी पळवतात. आपण चौघांनी त्यांना अडवायचं. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायची सोय असते. लेकीच्या ऑफिसातला एक मुलगा कप्तान होता, आणि एक मुलगी होती जी फक्त 'ओके' म्हणायची. पहिल्या रविवारी मी भिंतीवर आपटले, छताला गोळ्या घातल्या आणि कप्तानाच्या पायावर उभी राहिले. तो मला 'काही हरकत नाही काकू' म्हणाला. चांगल्या घरातला असावा.

पण त्या दोन तासांत लेक जे बोलली, ते वर्षभरात बोलली नव्हती! साहेब कसा खडूस आहे, डब्यातली भाजी कशी रोज तीच असते, एकदा ऑफिसात रडू आलं तेव्हा ती जिन्यात कशी जाऊन बसली. हात कामात गुंतले की माणसाचं तोंड मोकळं होतं. दुकानात मी हे रोज बघते. बायका बॉबिन भरता भरता जे सांगून जातात ते समोरासमोर बसून कधी सांगणार नाहीत. मला तो खेळ अतिशय आवडला.

त्या आठवड्यात मी कॉम्प्युटरला कव्हर शिवलं. नवी वस्तू उघडी ठेवायची नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. मरून रेक्झिन, कडेने पिवळी पायपिंग, दिवे दिसावेत म्हणून काचेच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, बटणाला काज आणि वायरींना मागे एक भोक. मापात असं चोख बसलं की आत मुंगी शिरली नसती. नवरोबासुद्धा म्हणाले, रेडिमेड वाटतं.

दुसऱ्या रविवारी मी सावकाश चालत गोदामाच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले, कारण वळायचं कसं ते मला अजून कळत नव्हतं. लेक बोलत होती. बोलता बोलता तिचा आवाज जरा खाली गेला. म्हणाली, "आई, तुला मी सांगितलं नाही, पण मी इथे..." आणि चित्र थिजलं! कानात टर्रर्र असा आवाज आला, हातातला उंदीर, म्हणजे माउस, हलेना, बटणं दाबून उपयोग होईना. मी दारात एक पाय उचलून उभी.

मी तडक फोन लावला आणि विचारलं, तू तिथे काय? ती म्हणाली, काही नाही गं, पुढच्या रविवारी सांगते.

आता आईला असं अर्धं वाक्य देऊन कुणी आठवडाभर ठेवतं का? मी इथे आजारी आहे, मी इथे लग्न केलं, मी इथे नोकरी सोडली. एका वाक्याची किती टोकं असतात ते मला त्या आठवड्यात कळलं. फोनवर खोदून विचारलं की ती 'ठेवू?' म्हणायची. म्हणजे ते वाक्य खेळतानाच निघणार होतं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर चालायला हवा होता.

मी कव्हर काढून नीट घडी घातली, पेटी उघडली, सगळे स्क्रू आवळले, ब्रशने झाडलं. तेलाची कुपीही हातात घेतली होती, पण तेल घालायला जागा सापडली नाही. मग कॉम्प्युटर उघडाच ठेवून शनिवारभर चालवून बघितला. एकदाही अडकला नाही. मी पेटी बंद केली, कव्हर चढवलं आणि हात धुतले.

रविवारी पुन्हा तेच. मी दारात, लेक म्हणतेय "आई, ते मी मागे म्हणत होते ना...", आणि टर्रर्र.

नवरोबा याचीच वाट बघत असावेत. ते वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचं कारण त्यांच्या मते लोड हेच असतं. माझी कंबर दुखली तरी लोडच. त्यांनी निदान केलं, की घरात वीज कमी पडते. त्यामुळे पुढच्या रविवारी फ्रिज बंद, पंखे बंद, इस्त्री बंद, दिवे बंद. आम्ही दोघं घामाघूम होऊन बसलो, फ्रिजमधलं दूध नासलं, आणि मी वेळेवर दारात जाऊन थिजले. त्या दिवशी लेकीने तोंड उघडायच्या आतच थिजले.

मग मी पेटी उचलून कॉम्प्युटरवाल्याकडे नेली. त्याने कव्हर काढलं, बाजूला ठेवलं आणि सोमवारभर त्यावर स्वतः गेम खेळला. संध्याकाळी मला म्हणाला, "काकू, मशीन एकदम ओके आहे. प्रॉब्लेम तुमच्या घरात आहे."

माझ्या घरात! मी त्याला म्हणणार होते की माझ्या घरात काय आहे ते मला विचार. पण नवरोबा शेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. रस्त्यात ते एकच वाक्य तीनदा म्हणाले: मी सांगत होतो.

घरी येऊन त्यांनी मीटरपासून कॉम्प्युटरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढायला घेतली. भिंतीला ड्रिल लावलं. आठवडाभर घरात अशी धूळ उडाली, की ताटं झाकून जेवावं लागलं. मी ही धूळ बघितली आणि मनात म्हटलं, साधं रेक्झिन पुरणार नाही. म्हणून कव्हरला आतून फोमचं जाड अस्तर लावलं आणि वायरींच्या भोकाला नेफा घालून नाडी ओवली. ती आवळली की विषय संपला. लाइन जोडल्यावर नवरोबांनी कॉम्प्युटर उघडाच चालवून बघितला, तो सुरळीत चालला, आणि त्यांनी सबंध इमारतीला ऐकू जाईल असं समाधान व्यक्त केलं. मग मी अस्तराचं कव्हर चढवलं आणि नाडी आवळली.

त्या रविवारी मी दारात कशीबशी पोचले आणि थिजले. या वेळी तर मशीन बंदच पडलं.

मी खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, मला रडू आलं. मशीनसाठी नाही. मला वाटत होतं, आता ही मुलं किती दिवस सांभाळून घेणार? उद्या चौथं माणूस शोधतील, मग रविवार गेला, आणि ते वाक्यही गेलं. परत 'जेवलीस का' आणि 'ठेवू'.

तेवढ्यात लेकीचाच व्हिडिओ कॉल आला. तिने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, कॉम्प्युटर दाखव मला. मी फोन वळवला.

"आई, कॉम्प्युटर दाखव."

"हा काय."

"ही पिशवी आहे."

"पिशवी काय म्हणतेस? आत आहे तो."

 तिने विचारलं, हात लावून बघ, गरम आहे का? मी नाडी सैल करून हात आत घातला आणि म्हटलं, छान ऊबदार आहे.

तिकडून जो आवाज आला तो मी आधी रडण्याचा समजले. ती हसत होती. तिने समजावून सांगितलं, की ते इतके पंखे बाहेरची हवा आत ओढायला असतात, आणि मी त्या बिचाऱ्याला रजई पांघरून पळायला लावत होते. नवरोबांनी हे सगळं शेजारी उभं राहून ऐकलं. भिंतीतल्या नव्या लाइनकडे बघून म्हणाले, कधीतरी उपयोगी पडेल. मी नाडी सोडली आणि कव्हर काढून कपाटात ठेवलं.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर उघडा. पंखे मोकळे, दिवे झगमगतायत, चित्र लोण्यासारखं सरकतंय. पहिल्या रविवारनंतर मी प्रथमच खेळ शेवटपर्यंत खेळले. उजवीकडे पळाले, डावीकडे पळाले, ओके म्हणणाऱ्या मुलीला जिन्यावरून ढकललं, कप्तानाला मागून गोळी घातली. यंत्रमानव उघड्या दारातून रांगेने आत आले आणि खोकी घेऊन रांगेने गेले. लेक सारखी ओरडत होती, आई तिकडे नको, आई मागे हो, आई ते आपलं आहे. दोन तासांत तिने दुसरं एक वाक्य उच्चारलं नाही. आम्ही हरलो, दुसऱ्यांदा हरलो, तिसऱ्यांदाही हरलो.

शेवटी कप्तानाने घसा खाकरला. म्हणाला, "काकू, राग मानू नका. तुम्ही हँग व्हायचात तेव्हा आपण एकदाही हरलो नव्हतो."

मग त्याने उलगडून सांगितलं. खेळाचा नियम असा, की ज्याचा मधेच संपर्क तुटला त्याला कुणी हात लावू शकत नाही. तो असेल तिथे उभा राहतो. आणि मी दर वेळी नेमकी दारात थिजायचे. दार अरुंद. यंत्रमानव माझ्यापुढे खोळंबून गर्दी करायचे, आणि हे तिघं आतून निवांत त्यांचा समाचार घ्यायचे. मला काढणं दूरच, त्यांना माझ्यासारखं माणूस शोधून मिळालं नसतं.

लेक चाचरत म्हणाली, "आई, तू असं कर. चालत दारापर्यंत जा, आणि पोचलीस की इंटरनेटची वायर काढ."

"मग मला तुझा आवाज कसा येणार?"

"मी फोन लावते ना."

मी गेले, दारात उभी राहिले, वायर काढली. फोन स्पीकरवर टाकला आणि एका ग्राहकाच्या पडद्याचा काठ दुमडायला घेतला. तिकडे तिची बटणं खटाखट वाजत होती. थोड्या वेळाने ती आपण होऊन म्हणाली, "आई, मी इथे एकटीच राहते. मैत्रीण खोली सोडून गेली त्याला खूप महिने झाले. तू काळजी करशील म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळी घर फार शांत असतं गं."

माझी सुई थांबली. खूप काही म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं की ती गप्प होईल हे मला ठाऊक होतं. मी फक्त विचारलं, तुमचा हा खेळ रोज संध्याकाळी खेळता येतो का?

येतो म्हणे. तेव्हापासून जेवणं आटोपली की मी रोज कॉम्प्युटर लावते, गोदामाच्या दारापर्यंत चालत जाते आणि वायर काढते. कॉम्प्युटरवाला परवा रस्त्यात भेटला. आता कसा चालतो, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, उत्तम. दारापर्यंत जातो.