प्रत्यक्ष पाहून खात्री केली

उद्यान खात्यातल्या हेडक्लार्कना सगळे बारीकराव म्हणत, कारण ‘माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही!’ हे ते दिवसातून चारदा ऐकवत. म्हणूनच, अर्ज निकाली काढणाऱ्या मशीनच्या प्रत्येक निर्णयावर जिवंत माणसाची सही हवी असा कायदा आला, तेव्हा साहेबांनी ते काम त्यांच्याच गळ्यात बांधलं.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंग लावून तीन अर्ज तपासले. पंधरवड्यात गाडी तासाला दोनशे सह्यांवर गेली! एका हातात चहा, दुसऱ्यात पेन. मशीन चुकत नाही, मग डोळे कशाला शिणवा?

गुरुवारी सासूबाई टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात पत्र, डोळ्यांत अंगार.

“जावईबापू, बागेत फिरायला मी ज्येष्ठांचा पास मागितला होता ना?”

“हो आई, मिळाला का?”

“मिळाला! वाचा. मोठ्यानं!”

“सदर कुत्रीस... सकाळी सहा ते आठ... गळ्यात पट्टा बांधून...” बारीकरावांना दरदरून घाम फुटला. बाईंनी केसाळ टोपी घालून फोटो काढला होता, आणि मशीननं अर्ज कुत्र्यांच्या पासात ढकलला होता!

“आई, ही मशीनची चूक!”

“त्याला माफ केलं. ते कुठे माझ्या हातचं जेवतं? खालची ओळ वाचा.”

खाली छापलं होतं, ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली.’ आणि त्याखाली झोकदार सही!

सगळं ऑफिस फायलींत तोंड खुपसून हसत होतं.

“कारण विचारायचा हक्क कायद्यानंच दिलाय मला,” सासूबाई कडाडल्या. “मशीनचं कारण टोपी. तुमचं काय?”

बारीकरावांनी हळूच चहाचा कप त्या सहीवर सरकवला.

साहेबांनी तिथल्या तिथे सुनावणी घेऊन शिक्क्यानिशी दाखला दिला: ‘अर्जदार मनुष्य आहेत.’ सासूबाईंनी तो काचेत मढवून लेकीच्या बैठकीतच टांगला. आल्यागेल्याला सांगत, “या घरात पक्की माणूस मी एकटीच!”

शेवटी बायको वैतागली. “अहो, तुम्हीही काढा ना एक दाखला!”

त्यांनी अर्ज केला. आठवड्यानं मशीनचा निर्णय आला: ‘तासाला दोनशे सह्या माणसाला शक्य नाहीत. अर्जदार यंत्र असावे. अर्ज नामंजूर.’

बारीकरावांनी तो घरी नेऊन बायकोला दिला. तिनं वाचला, मग खालची ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

“अहो, यावरही तुमचीच सही आहे!”