महाराजांचं पोट आणि सगळ्यात बाहेरचा डबा

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं बजावून ठेवलंय. म्हणून हळू सांगते, मुलांनो. हसू आलं तर ओंजळीत हसा.

एका जंगलात ओढा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या आणि सरकारी ॲनिमेशन खातंही होतं. त्या खात्यात टुणकी नावाची खार कामाला होती. नोकरीबरोबर तिला जांभळीच्या झाडातली ढोली मिळाली होती. ढोलीत तिची अंगठ्याएवढी पिल्लं होती. नोकरी गेली, की ढोलीही जाणार होती.

त्या वर्षी सिंहमहाराजांवर चित्रपट काढायचं ठरलं. टुणकीने सगळी पात्रं बनवली. बनवायची रीत अशी, की डब्यात डबा. महाराजांचं पोट एका डब्यात, आयाळ दुसऱ्यात, शेपटी तिसऱ्यात. ते सगळे महाराजांच्या डब्यात. मग महाराजांचा डबा, हत्तीचा डबा, डोंगराचा डबा, असे सगळे मिळून देखाव्याच्या मोठ्या डब्यात. आणि इफेक्ट ज्या डब्यावर चढवाल, तो त्याच्या आतल्या सगळ्यांना लागणार.

महाराजांनी चित्रपट पाहिला. म्हणाले, "छान आहे. पण हे पोट कोणाचं?"

"आपलंच, महाराज," टुणकी म्हणाली.

"शक्यच नाही!"

दिवाणजी कोल्हा लगबगीने खात्यात आला. "टुणके, बारीक करायचा इफेक्ट आहे ना तुझ्याकडे? चढव. उद्या सगळ्या जंगलाला दाखवायचंय."

"आहे, दिवाणजी. पण पोट आत आहे. आधी मोठा डबा उघडायचा, मग महाराजांचा, मग..."

"एवढं आत कोण शिरतंय? सरक बघू." कोल्ह्याने तो इफेक्ट मोठ्या डब्यावरच चढवला आणि तो जेवायला निघून गेला.

पडद्यावर महाराज शेवग्याच्या शेंगेसारखे झाले. हत्तीही झाला. डोंगराचा सुळका झाला आणि ओढ्याची दोरी.

टुणकीला ते बघवेना. तिने इफेक्ट काढला, एकेक डबा उघडत आत गेली आणि फक्त पोटावर चढवला. काम इतकं नेटकं झालं, की तिने स्वतःलाच एक शेंगदाणा दिला.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल जमलं. पडद्यावर महाराजांचं पोट अगदी सपाट. बाकी सगळं जसंच्या तसं. शेजारी भलामोठा हत्ती.

महाराज गरजले, "या हत्तीपुढे मी मांजर दिसतोय! कोणाचं काम हे?"

कोल्ह्याने शेपटीनेच टुणकीकडे बोट दाखवलं.

"ढोली रिकामी करा तिची!"

"महाराज, ही कच्ची प्रत होती," टुणकी घाईघाईने म्हणाली. "पक्की आत्ता लावते."

तिने पोटावरचा इफेक्ट काढला आणि मोठ्या डब्यावर चढवला. सगळे पुन्हा शेंगेसारखे झाले.

"आता कसं!" महाराज खूश झाले. "हत्तीसुद्धा अगदी खरा वाटतोय."

गर्दीतून गजाभाऊ हत्ती म्हणाला, "अहो, पण मी असा नाहीये."

"मग व्हा," दिवाणजी म्हणाले.

तसा हुकूमच निघाला. गजाभाऊंनी चित्रपटाप्रमाणे व्हावं, तोवर जेवण अर्धं. डोंगरालाही नोटीस गेली. डोंगराने अजून उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी गजाभाऊ जांभळीखाली आले.

"टुणकीताई, माझाही आत एक डबा आहे ना? तेवढ्यावर जाड करायचा इफेक्ट चढव. आत जाड, बाहेर बारीक. म्हणजे पडद्यावर मी माझ्याएवढाच दिसेन. मग कोण म्हणेल बारीक हो?"

युक्ती बरोबर होती. टुणकीला ती आधीच सुचली होती. तिने ढोलीत वळून पाहिलं. पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती.

"गजाभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही ऊस सोडून बघा ना."

तात्पर्य: दुखणं आत असलं, तरी औषध बाहेरूनच लावावं, आणि सगळ्यांना लावावं. सगळेच वाकडे दिसले, की वाकडं कोणीच दिसत नाही. ज्याला तरीही दिसतं, त्याने थोडा उपास करावा. आणि मुलांनो, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चूक नेमकी कुठे आहे हे कळलं, तरी डबा उघडून ती कधीही... आले, आले! कोणाशी नाही गं, एकटीच बोलत होते.