म्हशीचं नाव काढायचं नाही

व्हिसा या विषयात विरारपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत माझा हात धरणारा माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कोणत्या देशाला फोटोत कान दिसायला हवेत, कोणाला हसरा चेहरा चालत नाही, फॉर्म काळ्या शाईने भरायचा की निळ्या, सगळं मला तोंडपाठ! मी स्वतः परदेशी गेलेलो नव्हतो, ही गोष्ट खरी. विमानातही बसलेलो नव्हतो. पण तेवढ्यासाठी ज्ञान कशाला अडवून ठेवायचं?

'परदेशगमन : नियम व उपयुक्त सूचना' या नावाचं तीन पानी पत्रक मी स्वतः तयार केलं होतं. एकूण सूचना एक्केचाळीस. चंदनसारच्या आमच्या नवप्रभात सोसायटीत घरोघरी त्याची झेरॉक्स वाटली होती. दोन-तीन घरांत ती कपाटाच्या खणात अंथरलेली दिसली, पण लोकांना कदर नसते. सूचना क्रमांक एक मी ठळक अक्षरांत छापली होती : व्हिसा हातात पडेपर्यंत कोणालाही काही सांगू नये.

२००३ सालच्या जानेवारीत माझा मेहुणा हरेश्वर याने न्यू जर्सीहून आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. ऑफिसात सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली. मंगळवारी वकिलातीत मुलाखत होती. आणि नेमकी त्याआधीच्या रविवारी सोसायटीची सभा!

"प्रल्हादराव, सगळे जमलेच आहेत, तर तुमचा सत्कार आजच उरकून घेऊ," आमचे सेक्रेटरी सुधाकरराव म्हणाले.

"अहो, पण व्हिसा अजून..."

"तुम्हाला नाही देणार तर देणार कोणाला?"

हा मुद्दा मला खोडता येईना. शाल आली, नारळ आला. सुधाकररावांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. त्यांचा मुलगा जितेंद्र न्यू जर्सीतच नोकरीला होता. त्याच्यासाठी गिरीजच्या वाडीतली सुकेळी! उन्हात वाळवलेली ही केळी म्हणजे त्या पोराचा जीव की प्राण. सुधाकररावांच्या मिसेसनी तर डोळ्यांना पदर लावला. मी शाल सावरत म्हणालो, "काळजी नको. माझ्या हाताने देईन."

सूचना क्रमांक एक मोडणारा वसई तालुक्यातला पहिला माणूस मीच!

त्याच मंगळवारी आणखी दोघांची मुलाखत होती. आमच्या ऑफिसातून आदल्या वर्षी रिटायर झालेला शिपाई काशीराम आणि त्याची बायको हंसा. नायगावच्या खाडीकाठी त्यांचं घर, थोडी भातशेती आणि एक म्हैस. मुलगी दिपिका शिकून-सवरून नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेलेली, फेब्रुवारीच्या अखेरीस तिचं पहिलं बाळंतपण. हंसाला काहीही करून तिथे पोहोचायचं होतं. अर्थातच काशीराम माझ्याकडे आला.

मी दोघांची आमच्या घरी तालीम घेतली. मी गॅलरीत, ग्रिलच्या मागे, म्हणजे अधिकारी. ती दोघं हॉलमध्ये. माझी बायको वसुंधरा मधूनमधून ग्रिलमधून चहा सरकवत होती, त्यामुळे वकिलातीचं वातावरण बिघडत होतं.

"हंसाबाई, तुम्ही अमेरिकेतून परत येणार याची खात्री काय?" मी दरडावून विचारलं.

"मोगरी हाय ना घरी!"

"मोगरी कोण?"

"म्हैस. मी सोडून कोनाला हात लावू देत नाय ती."

मी कपाळाला हात लावला. "बाई, म्हशीचं नाव काढायचं नाही! एवढ्या मोठ्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर म्हैस? सांगायचं, इथे आमची स्थावर मालमत्ता आणि सामाजिक बांधिलकी आहे."

हंसाने काशीरामकडे बघितलं, काशीरामने माझ्याकडे. वसुंधरा म्हणाली, "म्हैस बरी आहे की!" मी तिला आत पाठवलं.

मंगळवारी आम्ही चौघे रांगेत. माझ्या काखेत बेचाळीस कागदांची फाइल, हंसाच्या हातात सातबाराचा एक उतारा. खिडकीशी तिचा नंबर आधी लागला. आतला गोरा अधिकारी इंग्रजीत विचारी आणि शेजारची दुभाषी बाई मराठीत सांगे. मी मागे उभा राहून ओठांनी 'स्थावर मालमत्ता' असं सुचवत होतो.

"परत कशावरून याल?"

हंसाने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "सायेब, माझी म्हैस हाय. सहा आठवड्यांवर मी नाय आले तं ती खानं सोडंल. माझी लेक तिकडं, पन माझा जीव हिकडं पन हाय ना!"

दुभाषी बाईंनी भाषांतर केलं. अधिकारी हसला. म्हशीचं नाव काय, म्हणून त्याने विचारलं! दोन मिनिटांत दोघांचा व्हिसा मंजूर.

मग मी पुढे झालो. वसुंधरा शेजारी. मी फाइल खिडकीतून सरकवली, त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"कशासाठी जाता आहात?"

"पर्यटन."

"याआधी परदेशी गेला होतात?"

"नाही. पण तुमचे नियम मला पाठ आहेत," मी नम्रपणे म्हणालो. "खरं म्हणजे आपण एक प्रश्न विसरलात."

"कोणता?"

"परत येणार का, असं आपण विचारायला हवं होतं."

त्याने पेन खाली ठेवलं. "बरं, परत येणार का?"

इथे वसुंधराने माझा कोट मागून ओढला. पण विद्वत्ता एकदा वाहायला लागली की थांबत नाही! किती महिन्यांचा मुक्काम मिळतो, तो वाढवायचा असेल तर अर्ज कुठे करायचा, मुदत संपण्याच्या किती दिवस आधी करायचा, कोणते कागद जोडायचे, नामंजूर झाला तर पुढे काय करता येतं, हे सगळं मी त्याला मुद्देसूद समजावून सांगितलं. तोही लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने एक छापील चिठ्ठी काढली आणि दोन्ही पासपोर्टांबरोबर बाहेर सरकवली. आपण भारतात परत याल असं आम्हाला वाटत नाही, असा त्या चिठ्ठीचा सारांश होता.

बाहेर आल्यावर वसुंधरा एकच वाक्य बोलली. "तुम्ही जर म्हटलं असतंत की, आमच्याकडे पण एक म्हैस आहे..."

आता सोसायटीला काय सांगायचं? खांद्यावर शाल पडलेली, नारळ फोडून त्याची चटणीही खाऊन झालेली! माझी झोप उडाली. जिन्यात कोणी भेटलं की विचारी, "मग, कधीचं विमान?" आणि माझ्या तोंडून निघून जाई, "दोन फेब्रुवारी!" एकदा तारीख बोलून गेल्यावर ती बदलता येईना.

तिकडे नायगावला वेगळाच गोंधळ. व्हिसा हातात घेऊन हंसा जायलाच तयार नाही! मोगरीकडे बघणार कोण? काशीरामच्या भावाने प्रयत्न केला, तर मोगरीने त्याला गोठ्याबाहेर काढलं. हंसा रडत होती. एकीकडे लेक दिवस मोजतेय, एकीकडे मुकं जनावर.

काशीराम मला हे सांगत होता आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मला सहा आठवडे लपायला जागा हवी होती. त्याला सहा आठवड्यांसाठी माणूस हवा होता.

"सायेब, तुमी? म्हशीचं?" काशीराम घाबरलाच.

"काशीराम, नियम समजून घेतले की जगात अवघड काही नाही."

वसुंधराला मी हे सांगितलं तेव्हा ती शांतपणे कपडे भरत म्हणाली, "मी साताऱ्याला ताईकडे जाते. अमेरिका तुमची, तुम्ही बघून या."

दोन फेब्रुवारीला सोसायटीने आम्हाला हार घालून रिक्षात बसवलं. सुधाकरराव हात हलवत होते. वसुंधरा स्टेशनवरून साताऱ्याकडे गेली आणि मी दोन बॅगा घेऊन नायगावला उतरलो. विरारपासून अमेरिका मला तिसऱ्या स्टेशनावर लागली!

सुकेळ्यांचं पुडकं मी हंसाच्या हवाली केलं. "जितेंद्रला द्या. मी आलोय, पण दुसऱ्या गावी फिरतोय, असं सांगा." काशीरामने मान डोलावली. हंसाने डोलावली नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या सकाळी मी बादली घेऊन मोगरीसमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं ते अगदी त्या खिडकीतल्या अधिकाऱ्यासारखं. मी जवळ गेलो, तिने बादली उडवली. दुसऱ्यांदा गेलो, तिने मलाच उडवलं. शेजारची म्हातारी कुंपणातून ओरडली, "आरं मास्तर, हंसाचं लुगडं नेस! वासानं वलखतंय जनावर!" ती मला मास्तर का समजत होती, कोण जाणे.

इलाज नव्हता. हंसाचं हिरव्या चौकड्यांचं लुगडं मी कसंबसं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसलो. मोगरीने एकदा मान वळवून हुंगलं आणि निमूट उभी राहिली! माझ्या आयुष्यातला पहिला व्हिसा मला तिथे मिळाला.

माझ्याच सूचना आता माझ्या उपयोगी पडू लागल्या. क्रमांक नऊ, स्थानिक वेळेशी शरीर जुळवून घ्यावं : मोगरी पहाटे हाक मारी. क्रमांक बारा, स्थानिक पोशाखाचा आदर करावा : तो तर मी नेसलोच होतो. क्रमांक सतरा, माणूस परमुलखात असताना त्याला घरच्या काळज्या कळवू नयेत. त्याप्रमाणे मला कोणी काही कळवत नव्हतं. आणि क्रमांक वीस, पोहोचल्याचा फोन करावा.

आठवड्याने मी नायगाव स्टेशनजवळच्या बूथवरून सुधाकररावांना फोन लावला. संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, हिशोब पक्का!

"हॅलो! न्यू जर्सीहून बोलतोय! कडाक्याची थंडी आहे!"

"अरे वा! थांबा, सगळे इथेच आहेत. फोनचा आवाज मोठा करतो. खाण्यापिण्याचं कसं काय?"

"दूध भरपूर! आणि एकदम ताजं!"

मागे कोणीतरी खोकलं. तेवढ्यात माझ्या पाठीशी एक बाई पाटी घेऊन ओरडत गेली, "कोलंबीय्ये! ताजी कोलंबी!"

"हा आवाज कसला?" सुधाकररावांनी विचारलं.

"इथे... इंडियन मार्केट आहे ना जवळ!"

पलीकडे बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज येत राहिला. लाइन खराब असावी, असं मला वाटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस दिपिकाला मुलगी झाली. ही बातमी काशीरामच्या भावाने मला गोठ्यात येऊन सांगितली. तिची आई वेळेवर तिच्यापाशी होती, हे ऐकून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी मोगरीला गूळ खाऊ घातला.

मार्चच्या मध्यावर ती दोघं परतली. माझ्यासाठी चॉकलेटं, साबण, वाटायला सगळी अमेरिका घेऊन आली. हंसा बॅग टाकून आधी गोठ्यात धावली. मोगरीने तिला हुंगलं आणि मागच्या पायाने बादली उडवली!

"भाऊ, काय केलंत हो हे?" हंसा हसता हसता रडायला लागली. "माझी म्हैस तुमची झाली!"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मांडव घालून माझं व्याख्यान ठेवलेलं होतं. वसुंधरा साताऱ्याहून येऊन पहिल्या रांगेत बसली होती.

"प्रल्हादराव, तिकडच्या थंडीत एवढे काळवंडलात कसे?" एकाने विचारलं.

"बर्फावरून ऊन उलटं येतं," मी म्हणालो. पत्रकात न घातलेली ही सूचना तिथल्या तिथे सुचली!

मग मी तासभर बोललो. आणि काय झालं कोण जाणे, एकदा सुरू झाल्यावर मला थाप मारावी लागेना. "तिथली माणसं उजाडायच्या आत कामाला लागतात. हुद्दा कोणी विचारत नाही. मला दोन दिवस ताप होता, तर शेजारची म्हातारी न बोलावता पेज आणून ठेवायची. परक्या गावात आपण आहोत असं मला एक दिवसही वाटलं नाही."  

सुधाकरराव उठले. शाल नव्हती, एक कागदी पुडकं होतं. मी उघडलं. आत हिरव्या चौकड्यांचं कोरं लुगडं!

"वसुंधरासाठी?" मी विचारलं.

"नाही, तुमच्यासाठी. हंसाबाईंचं आता जुनं झालं असेल. रंग वहिनींनीच निवडलाय."

मांडवात जो हशा उसळला, तो मी इथे लिहीत नाही.

हशा ओसरल्यावर सुधाकररावांनी सांगितलं. हंसाने पहिल्याच आठवड्यात जितेंद्रच्या हातात सुकेळी ठेवली आणि म्हणाली, 'प्रल्हादभाऊ माझी म्हैस सांभाळतात, म्हनून मी लेकीपाशी येऊ शकले. असा मानूस मिळायचा नाय.' जितेंद्रने त्याच दिवशी घरी फोन केला. पुढच्या रविवारी आख्खी कमिटी नायगावला जाऊन, बांधावर उभी राहून, पदर घेतलेली मिशीवाली बाई बघून आली होती!

"मग बोलला का नाहीत?" मी कसाबसा म्हणालो.

"सूचना क्रमांक सतरा," सुधाकरराव म्हणाले. "माणूस परमुलखात असताना त्याला घरच्या काळज्या कळवू नयेत."

पत्रक वाचणारा एक तरी माणूस सोसायटीत निघाला, एवढंच समाधान.

मोगरी अजून हंसाला धड दूध देत नाही. म्हणून ऑफिसच्या आधी मी पहाटेच्या गाडीने नायगावला जातो, नवं लुगडं गोठ्यातच खुंटीला टांगलेलं असतं. हरेश्वरने यंदाही बोलावणं धाडलंय. मुलाखतीला जाताना या खेपेस फाइल नेणार नाही. परत कशावरून याल, असं त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे आता खरं उत्तर आहे.

फक्त ही जाणार म्हटल्यावर मोगरीकडे बघणार कोण, तेवढं कळत नाही. ही म्हणजे वसुंधरा नव्हे, लुगड्यातला मी!